लोखंडी टोपी आणि उतरता जिना: मांचू राजकुलातल्या पदव्या कशा चालत

1850 साली बीजिंगमध्ये यीक्वांग नावाच्या बारा-एक वर्षांच्या मुलाला घराण्याची गादी मिळाली. गादी म्हणावं असं त्यात फारसं काही उरलं नव्हतं. त्याचा आजोबा योंगलिन हा छ्येनलोंग बादशहाचा सतरावा मुलगा. त्याची पदवी सगळ्यात वरच्या दर्जाची, आणि राहायला शहरातला एक नामांकित वाडा. नातवाच्या वाट्याला आली ती बारा दर्जांतली दहावी पदवी. पुढच्याच वर्षी तो वाडाही बादशाही हुकमाने दुसऱ्या शाखेकडे गेला. दोन पिढ्यांत नऊ पायऱ्या खाली! त्यातल्या काही घरच्यांना झालेल्या शिक्षांमुळे गेल्या, हे खरं. पण शिक्षा झाल्या नसत्या तरी हे घराणं खाली आलंच असतं. छिंग राजवटीत वारसा म्हणजे मुळात उतरणच होती.

हे समजायला आपल्याला जरा वेळ लागतो. वंशपरंपरा म्हटलं की बापाचं ते जसंच्या तसं मुलाचं, असंच आपल्या मनात येतं. चिनी ऐतिहासिक मालिका पाहताना तर गोंधळ आणखी वाढतो, कारण खालच्या इंग्रजी ओळींत जो तो ‘प्रिन्स’ असतो. बादशहाचा भाऊ प्रिन्स, चुलत चुलता प्रिन्स, आणि ज्याच्या खापरपणजोबाने कधीकाळी तलवार गाजवली होती तोही प्रिन्स. एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळे दर्जे झाकले जातात. मग दरबारात कोण कुणापुढे वाकतो आणि का, हे कळायला मार्ग राहत नाही. त्यासाठी या पदव्यांचा जिना एकदा नीट पाहायला हवा.

आधी पार्श्वभूमी. मांचू लोक मूळचे आजच्या ईशान्य चीनमधले. त्यांच्यातल्या आइशिन ग्योरो कुळातल्या नूरहाचीने 1616 मध्ये स्वतःचं राज्य उभारलं. त्याचा मुलगा होंग ताइजी याने 1636 मध्ये ‘छिंग’ हे नाव घेतलं, आणि त्याच वर्षी भाऊबंदांच्या पदव्यांची उतरंड लावून दिली. 1644 मध्ये बीजिंग हाती आलं आणि 1912 पर्यंत हेच घराणं चीनवर राज्य करत राहिलं.

होंग ताइजीला ही उतरंड का लावावी लागली? नूरहाचीच्या काळात फौज आणि प्रजा ‘झेंड्यां’मध्ये वाटलेली होती. झेंड्यांचे धनी म्हणजे त्याचे मुलगे आणि पुतणे. या धन्याला मांचूत ‘बेइले’ म्हणत. 1626 मध्ये नूरहाची वारला तेव्हा चार थोरले बेइले सगळ्यांत वजनदार होते. होंग ताइजी गादीवर बसला खरा, पण दरबारात बाकीचे तिघे त्याच्या बरोबरीने बसत. भाऊबंदकीला याहून सुपीक जमीन नाही. 1632 पासून तो एकटा दक्षिणेकडे तोंड करून, म्हणजे राजाच्या मानाच्या जागी, बसू लागला. त्यानंतर चार वर्षांनी पदव्या आल्या. जे आपल्या शेजारी बसत होते त्यांना त्याने पायऱ्यांवर उभं केलं, आणि कोण कोणत्या पायरीवर हे ठरवायचा अधिकार स्वतःकडे ठेवला. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचं मर्म इथेच आहे. पदवी हा मान होताच, पण ती मोजपट्टीही होती, आणि ती एकाच माणसाच्या हातात होती.

आता जिना. सगळ्यात वर ‘छिन-वांग’. त्याच्याखाली ‘च्युन-वांग’. ‘वांग’ म्हणजे राजा, पण इथे राज्य कुठलंच नाही. तिसरा ‘बेइले’, चौथा ‘बेइसे’. गंमत अशी की मांचू भाषेत ‘बेइसे’ हे ‘बेइले’चंच अनेकवचन. आधी ‘बेइले’ म्हणजे एक धनी आणि ‘बेइसे’ म्हणजे पुष्कळ धनी, एवढाच फरक होता. दर्जे पाडताना अनेकवचनाचीच वेगळी, खालची पदवी झाली. भाषेतला एक प्रत्यय सरकारी दर्जा होऊन बसल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

त्यानंतर चार ‘गुंग’. त्यांतले वरचे दोन ‘देशरक्षक’ आणि ‘देशसहायक’. खालच्या दोघांची नावंही हीच, फक्त मागे ‘आठ मानांत न बसणारा’ अशी पुस्ती. पहिल्या सहा दर्जांना ठरावीक आठ मान असत, सातव्यापासून ते बंद. म्हणजे दोन भाऊ दोघेही देशरक्षक गुंग, पण एक रेषेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे. शेवटच्या चार पायऱ्यांवर ‘च्यांग-च्युन’ म्हणजे सेनापती. हे नावाचे सेनापती. फौज सांभाळायची असं त्यात काही नव्हतं. यीक्वांगला मिळाली ती यांतली दुसरी, ‘देशसहायक सेनापती’.

प्रत्येक पायरीला तनखा ठरलेला. छिन-वांगाला वर्षाला 10,000 ल्यांग चांदी. एक ल्यांग साधारण 37 ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ 370 किलो चांदी झाली. च्युन-वांगाला 5,000. बेइलेला 2,500. बेइसेला 1,300. देशरक्षक गुंगाला 700, देशसहायक गुंगाला 500. आणि अगदी तळाच्या सेनापतीला 110. शिवाय चांदीच्या प्रत्येक ल्यांगामागे एक माप तांदूळ.

आता नियम असा: बाप गेला की एकच मुलगा गादीवर बसणार, आणि तो बापापेक्षा एक पायरी खाली. छिन-वांगाचा मुलगा च्युन-वांग, त्याचा मुलगा बेइले, मग बेइसे, मग देशरक्षक गुंग. इथे मात्र घसरण थांबे. छिन-वांगाच्या घराण्याला तेवढी खालची हद्द ठरवून दिलेली होती. पुढच्या पिढ्या त्याच पायरीवर. च्युन-वांगाच्या घराण्याची हद्द देशसहायक गुंगावर, आणि त्याखालच्यांची त्याहून खाली. हिशेब मांडून पाहा. पणजोबाच्या बापाला 10,000, तर खापरपणतवाला 700. ज्या घरात शंभर माणसं नोकरीला होती तिथे पाच पिढ्यांत काय उरत असेल? बादशहाने खास मेहेरबानी करून एखाद्या पिढीला पायरी न उतरवता ठेवलं, असंही होई. तिंग घराण्यात बऱ्याच पिढ्या वरच टिकल्या त्या अशा. पण मेहेरबानी संपली की जिना सुरू. त्याच घराण्यातला पूशू च्युन-वांग होता, त्याचा मुलगा यूलांग बेइले झाला.

हे कठोर वाटतं, पण त्यामागे एक ताजा धडा होता. आधीच्या मिंग राजवटीत बादशहाच्या वंशजांना पदव्या आणि धान्याचे तनखे मिळत, मुलगे प्रांताप्रांतांत वाडे बांधून राहत, आणि वंश वाढतच जाई. 1562 मध्ये लिन रुन नावाच्या अधिकाऱ्याने बादशहाला लेखी कळवलं, की देशातून राजधानीला दरवर्षी 40 लाख शी धान्य येतं आणि राजकुलाच्या तनख्यालाच 85 लाख 30 हजार शी लागतं. (शी हे धान्याचं माप.) एकट्या शान्शी प्रांतात साठा 15 लाख 20 हजारांचा आणि राजकुलाचं देणं 31 लाख 20 हजारांचं. तनखे थकले, गरीब नातलगांची उपासमार झाली, आणि शेतकऱ्यांवरचा बोजा काही कमी झाला नाही. 1641 मध्ये बंडखोरांनी लुओयांग घेतलं तेव्हा तिथला श्रीमंत राजपुत्र त्यांच्या हातून मारला गेला.

मांचूंनी हे पाहिलं आणि दोन गोष्टी केल्या. पदवी द्यायची, पण मुलूख द्यायचा नाही. सगळे राजपुरुष बीजिंगमध्येच, डोळ्यांसमोर, परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. आणि पदवी पिढीगणिक विरत जाणारी ठेवायची. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांत वतन आणि सरंजाम हे दोन शब्द वेगळे आहेत. वतन वंशपरंपरेने चालायचं, तर सरंजाम चाकरीसाठी आणि धनी परत घेऊ शकेल असा. छिंग पदव्या नावाने वतनासारख्या होत्या, पण बादशहाची पकड सरंजामाची.

राहता राहिले बाकीचे मुलगे. एका वांगाला आठ-दहा मुलगे असणं नवलाचं नव्हतं, आणि गादी एकालाच. इतरांना काय मिळणार हे आईवर ठरे. छिन-वांगाच्या पट्टराणीचा मुलगा असेल तर ‘आठ मानांत न बसणारा देशसहायक गुंग’, म्हणजे आठवी पायरी. धाकट्या पत्नीचा असेल तर नवव्या पायरीवरचा दुसऱ्या प्रतीचा सेनापती. वेगळ्या घरात ठेवलेल्या स्त्रीचा असेल तर दहाव्या पायरीवर, तोही तिसऱ्या प्रतीचा. एकाच अंगणात खेळलेले हे भाऊ.

आणि तेवढंही फुकट मिळत नसे. विसाव्या वर्षी परीक्षा! विषय तीन: मांचू आणि चिनी यांच्यातलं भाषांतर, घोड्यावरून तिरंदाजी, आणि उभ्याने तिरंदाजी. तिन्हींत उत्तम ठरला तर हक्काची पदवी पूर्ण मिळे. कमी पडला तसा दर्जा खाली. तिन्हींत नापास झाला तर काहीच नाही. मग तो निव्वळ ‘राजकुलातला माणूस’ म्हणून महिन्याच्या छोट्या भत्त्यावर जगायचा. मला या परीक्षेतलं भाषांतर फार बोलकं वाटतं. मांचू तरुण पिढ्यान्‌पिढ्या बीजिंगमध्ये वाढत होते, घराबाहेर चिनीच बोलत होते. आपली भाषा आणि आपला धनुष्यबाण विसरू नका, हे सांगायला दरबाराकडे याहून सरळ उपाय नव्हता. विसरलात तर तनखा कमी!

बादशहाचे सख्खे मुलगेही आपोआप सर्वोच्च पायरीवर बसत नसत. कांगशी बादशहाने 1698 मध्ये मुलांना पदव्या दिल्या तेव्हा पहिला आणि तिसरा च्युन-वांग झाले, चौथ्याला मिळालं फक्त बेइले. 1709 मध्ये तो छिन-वांग झाला. हाच चौथा पुढे योंगचेंग बादशहा. म्हणजे चीनचा भावी बादशहा अकरा वर्षं तिसऱ्या पायरीवर उभा होता.

ही सगळी गणितं ठेवायला एक स्वतंत्र कचेरी होती. कुळातला प्रत्येक जन्म, लग्न, दत्तक, मृत्यू तिथे कळवावा लागे. नूरहाचीच्या बापाचे वंशज ते खास राजकूल; त्यांच्या कमरेला पिवळा पट्टा. त्या बापाच्या चुलत्यांचे आणि भावांचे वंशज ते बाहेरचे, त्यांना लाल पट्टा. दर दहा वर्षांनी वंशावळीची नवी पोथी तयार होई. तिला ‘जेड पोथी’ म्हणत. तिच्यात हयात माणसांची नावं लाल शाईने आणि मृतांची काळ्या शाईने लिहिलेली असत. दहा वर्षांनी पोथी पुन्हा लिहायला घेतली की किती लाल नावं काळी झाली ते त्या पानांवर सरळ दिसे.

नावांवरूनही पुष्कळ कळतं. नंतरच्या काळात प्रत्येक पिढीला एक ठरलेलं अक्षर होतं: योंग, मग म्येन, यी, झाइ, पू, यू. योंगलिनचा नातू यीक्वांग, आणि यीक्वांगचा मुलगा झाइचेन. शेवटचा बादशहा पूयी, त्याचा बाप झाइफेंग, आजोबा यीश्वान. एवढं लक्षात ठेवलं तर कोण कुणाचा काका लागतो हे नावावरूनच कळतं. मालिका पाहताना याचा फार उपयोग होतो.

पदवीआधी एक अक्षर लागतं, तेही समजून घ्यायला हवं. ‘कुंग छिन-वांग’, ‘ली छिन-वांग’, ‘चुन छिन-वांग’ यांतलं पहिलं अक्षर गावाचं नाव नाही. ब्रिटनमधल्या ‘वेल्सचा राजपुत्र’सारखा प्रकार इथे नाही. कुंग म्हणजे आदरशील, ली म्हणजे विधी किंवा शिष्टाचार, चुन म्हणजे निर्भेळ. जमिनीऐवजी सद्गुण दिला, असंच म्हणा.

जुन्या फोटोत एखादा मांचू राजपुरुष दिसला तर त्याच्या अंगरख्याकडे नीट पाहा. छिन-वांगाच्या अंगरख्यावर चार गोल नक्ष्या असतात. छाती आणि पाठीवरच्या ड्रॅगनचं तोंड समोर, खांद्यांवरचे दोन कुशीवरून चालणारे, आणि प्रत्येकाच्या पंजाला पाच नख्या. च्युन-वांगाच्याही चार नक्ष्या, पण चारही ड्रॅगन कुशीवर. बेइलेला दोनच गोल, तोंड समोर, पण नखी एक कमी. बेइसेला दोन गोल, कुशीवर. गुंगाला गोल नाही, चौकोन. दरबारी टोपीवरचे मोतीही मोजून: छिन-वांगाला दहा, मग आठ, सात, सहा, पाच, चार. समोरून येणाऱ्याला कितपत वाकायचं हे तो जवळ येईपर्यंत कळलेलं असे.

वाड्यांचंही तसंच. बादशहाच्या छपरावर पिवळी कौलं, वांगाच्या छपरावर हिरवी. छिन-वांगाच्या दरवाजाच्या फळीवर पितळी गुल, म्हणजे मोठ्या डोक्याचे खिळे, नऊ गुणिले सात, म्हणजे 63. च्युन-वांगाच्या दारावर 45. आणि वाडा घराण्याच्या मालकीचा नव्हताच, तो सरकारचा. पदवी खाली आली की वाडा सोडायचा, दर्जाला साजेशा लहान घरात जायचं. योंगलिनचा वाडा हा आधी हशेन या बलाढ्य आणि भ्रष्ट मंत्र्याचा. 1799 मध्ये हशेन पडला तेव्हा तो योंगलिनला मिळाला, आणि 1851 मध्ये यीक्वांगच्या घरातून काढून बादशहाने आपल्या भावाला, यीशिनला दिला. तोच हा प्रसिद्ध कुंग-वांग वाडा. आज बीजिंगमध्ये संग्रहालय म्हणून पाहता येतो.

आता लोखंडी टोपी.

काही मोजकी घराणी या उतरत्या जिन्यातून मोकळी होती. त्यांच्या सनदेत चार अक्षरं असत, ‘वंशपरंपरेने, बदल न होता’. लोक त्यांना ‘लोखंडी टोपीवाले वांग’ म्हणत. कापडाची टोपी झिजते, लोखंडाची नाही. अशी घराणी शेवटपर्यंत बाराच झाली. पहिली आठ राज्य उभारताना लढलेल्यांची. त्यांतली सहा छिन-वांगांची, दोन च्युन-वांगांची. या आठांतली तीन एकट्या दाइशानच्या रक्ताची: तो स्वतः, त्याचा मुलगा आणि त्याचा नातू. दाइशान हा नूरहाचीचा हयात मुलांतला थोरला. 1626 मध्ये गादीसाठी न भांडता त्याने धाकट्या होंग ताइजीच्या बाजूने कौल दिला. त्याचं मोल घराण्याने पुढे अडीचशेहून अधिक वर्षं घेतलं.

दोरगोनची कथा वेगळी. बीजिंग जिंकून देणारा, बालबादशहाच्या नावाने राज्य चालवणारा हा माणूस 1650 मध्ये वारला. आधी त्याला मरणोत्तर बादशहाचा मान मिळाला, आणि काही महिन्यांतच सगळं काढून घेतलं गेलं. छ्येनलोंग बादशहाने 1778 मध्ये त्याचं नाव पुन्हा उजळलं आणि घराण्याला टोपी दिली. सव्वाशे वर्षांनी!

लोखंडी टोपी ही घराण्याची असे, डोक्याची नव्हे. डोकं बदलता येई, आणि ते अनेकदा बदललं गेलं. 1861 मध्ये राजमाता त्सीशी आणि यीशिन यांनी सत्ता हाती घेतली, तेव्हा यी आणि चेंग या दोन टोपीधारी वांगांना गळफास लावून घ्यायला लावलं. त्यांची घराणी एकदम आठव्या पायरीवर टाकली गेली. पण 1864 मध्ये दोन्ही टोप्या भाऊबंदांतल्या दुसऱ्या शाखांना परत मिळाल्या. 1901 मध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर च्वांग या टोपीधारी वांगाला असंच मरावं लागलं; टोपी त्याच्या भावाकडे गेली. खुद्द यीशिनला 1872 मध्ये टोपी मिळाली, आणि दोनच वर्षांनी तरुण थोंगची बादशहाने चिडून त्याला च्युन-वांग करून टाकलं. दुसऱ्या दिवशी राजमातांनी तो हुकूम फिरवला.

राजकुलाबाहेरच्यांसाठी दार जवळजवळ बंदच होतं. वू सान्गुईसारखे हान चिनी सेनापती सुरुवातीला वांग झाले, पण त्यांनी 1673 मध्ये बंड केलं. त्यानंतर हयात हान माणसाला ही पदवी मिळाली नाही. मंगोल सरदारांना मात्र याच नावांच्या पदव्या होत्या. मांचू सेनापती फुकांगआन राजकुलातला नसूनही 1795 मध्ये बेइसे झाला. हाच 1792 मध्ये तिबेट ओलांडून, गुरख्यांशी लढत काठमांडूच्या जवळ पोहोचला होता.

आणि यीक्वांग? दहाव्या पायरीवरून तो उलटा वर चढला. 1852 मध्ये बेइसे, 1860 मध्ये बेइले, 1884 मध्ये छिंग च्युन-वांग, 1894 मध्ये छिन-वांग. (हे ‘छिंग’ अक्षर वेगळं, अर्थ ‘आनंदोत्सव’, राजवटीचं छिंग निराळं.) 1908 मध्ये लोखंडी टोपी, बाराव्या आणि शेवटच्या घराण्याची. त्याने लढाई एकही जिंकली नव्हती. तो त्सीशीच्या मर्जीतला होता आणि पैसे खाण्यासाठी बदनाम होता. दाइशानच्या तीन टोप्यांशेजारी ही वेगळ्याच प्रकारची टोपी ठेवून पाहिली की व्यवस्था कुठून कुठे आली ते दिसतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

चारच वर्षांत राजवट गेली. 1912 च्या करारात प्रजासत्ताकाने राजकुलाच्या पदव्या पूर्वीप्रमाणे चालू राहतील असं मान्य केलं. 1917 मध्ये यीक्वांग वारला तेव्हा टोपी मुलाकडे, झाइचेनकडे जावी असा आदेश निघाला, तो प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष ली युआनहोंग याच्याकडून. झाइचेनला बीजिंगमध्ये राहायचं नव्हतं. 1925 मध्ये त्याने त्यान्जिन शहरातल्या ब्रिटिश वसाहतीत एक मोठं घर विकत घेतलं आणि तिथे कुटुंब नेलं. ते घर बांधलं होतं श्याओ तचांग याने. तो राजवाड्यात नोकरीला असलेला एक खोजा होता.